दिवसांचा हिशेब

आपल्या मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन निराळे शब्द आहेत. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवायचे असेल तर 'आम्ही', त्याला आपल्या पंक्तीला बसवायचे असेल तर 'आपण'. इंग्रजीत ही सोय नाही. तेथे एकट्या 'वुई'वर सारा संसार चालतो. त्यामुळे कॅनडात इंग्रजी बोलत होते तोवर माझे कोठे अडले नाही. अडले ते वाईला फोनवर बोलताना. "आपल्याकडे यंदा बर्फ लवकर पडले," असे मी एकदा बोलून गेले, आणि पलीकडून आई शांतपणे म्हणाली, "आपल्याकडे म्हणजे कोणाकडे ग? इथे तर उकडते आहे."

आम्ही १९९८ साली टोरांटोजवळच्या मिसिसागाला आलो. पाचेक वर्षांनी यजमानांनी आणि मुलांनी तिकडचे नागरिकत्व घेतले. मी घेतले नाही. त्यामागे जाज्वल्य देशप्रेम होते असे सांगितले तर दिवाळी अंकात शोभून दिसेल, पण ते खरे नव्हे. अर्ज भरण्याचा कंटाळा आणि निळ्या पासपोर्टावरच्या सोनेरी सिंहांचा लोभ, एवढेच त्यात होते. कायम रहिवाशाचे एक कार्ड जवळ असले की तेथे नोकरी मिळते, घर घेता येते, दवाखान्यातही कोणी अडवीत नाही. फक्त मत देता येत नाही. मत नसल्याने माणसाचे पोट दुखत नाही, असे मला तेव्हा वाटे.

या व्यवहारातली एक गंमत पुष्कळांना ठाऊक नसते. कॅनडा तुम्हांला जुने नागरिकत्व सोडा असे म्हणत नाही. १९७७ सालापासून तेथे दोन देशांचे नागरिक असण्याला मुभा आहे. सोडायला लावतो तो आपला कायदा. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे तुम्ही आपखुशीने दुसऱ्या देशाचे नागरिक झालात की त्या क्षणी भारताचे राहत नाही. अर्ज नको, राजीनामा नको. दुसरीकडे रुजू झालात, की इकडची नोकरी गेलीच! नवी सून घरात येताना सासरचे म्हणतात, माहेरचे नाव खुशाल ठेव. आणि माहेरचेच म्हणतात, नाही, पुसून टाक.

२०१५ च्या पावसाळ्यात आई गंगापुरीतल्या घरी न्हाणीत पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. दादाची नोकरी पुण्याला, वहिनींचे स्वतःचे गुडघे धड नव्हते. मी गेले आणि चांगली आठ महिने राहिले. त्या मुक्कामात एक विचित्र सवय मला लागली. आई झोपली की भिंतीवरच्या कॅलेंडरापुढे उभी राहून मी दिवस मोजू लागले. कायम रहिवाशाने पाच वर्षांतले ७३० दिवस तरी कॅनडात काढले पाहिजेत, असा नियम आहे. म्हणजे तीन वर्षे बाहेर राहता येते. ऐकायला पुष्कळ वाटते. पण म्हातारपणाचा मुक्काम किती दिवसांचा, हे कोणत्या नियमात लिहिलेले असते? वाईतून मला कोणी हाकलणार नव्हते. प्रश्न परतीच्या दाराचा होता, आणि त्या दारापलीकडे यजमान होते, दोन मुले होती. आईला वरणभात भरवताना मनात आकडे चालत. हा हिशेब आईजवळ बसून करण्याजोगा नव्हे, हे मला कळे. तरी बोटे थांबत नसत.

तिकडचे नागरिक झाले तर कॅनडाचे दार कायमचे उघडे राहणार होते. आणि इकडून 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' असे भारदस्त नाव असलेले कार्ड मिळते. त्यावर जन्मभर यावे, हवे तितके राहावे, पोलिसांत वर्दी देण्याचेही कारण नाही. मताचा हक्क नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, पण आईच्या उशाशी बसायला कोणाची ना नाही. थोडक्यात, आईजवळ मनसोक्त राहता यावे म्हणून मला परदेशी होणे भाग होते!

२०१७ च्या अखेरीस अर्ज केला. मग बोलावणे केव्हा येईल याचा नेम नाही, म्हणून वर्ष-दीड वर्ष वाईला जाणेच झाले नाही. ते दिवस मला फार जड गेले. परीक्षेला वीस प्रश्न असतात, पंधरा बरोबर यावे लागतात. बावन्नाव्या वर्षी मी स्वयंपाकघरात कॅनडाच्या प्रांतांच्या राजधान्या घोकीत होते आणि मुलगा माझी उजळणी घेत होता. मी त्याच्याकडून पाढे म्हणवून घेतले होते. त्याने त्याचा पुरेपूर सूड घेतला.

शपथेची गोष्ट आईला सांगणे मात्र जड होते. त्या वेळी ती राणी एलिझाबेथ आणि तिचे वारस यांच्याशी एकनिष्ठ राहण्याची शपथ होती. आईचे वडील बेचाळीसच्या चळवळीत पकडले जाऊन येरवड्याला होते. आई तेव्हा पाच वर्षांची. वडील घरी परत आले तेव्हा तिने त्यांना ओळखले नाही, 'कोणी पाहुणे आलेत' असे आत जाऊन सांगितले, ही आठवण ती आम्हांला पुनःपुन्हा सांगत असे. फोनवर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे ज्या राजाने माझ्या बापाला आत टाकले, त्याच्या लेकीची शपथ?"

मी म्हटले, "हो."

"लग्नात तुझे नाव, आडनाव, गाव सगळे बदलले. तेव्हा तुला कोणी विचारले होते? इथे निदान विचारताहेत. घे शपथ. आणि लवकर ये."

२०१९ च्या वसंतात मी उजवा हात वर करून ती घेतली. माझा भारतीय पासपोर्ट 'रद्द' असा शिक्का मारून परत आला. नवा पासपोर्टही गडद निळाच आहे. अंधारात दोन्ही सारखेच लागतात.

त्याच साली २१ ऑक्टोबरला कॅनडाची सार्वत्रिक निवडणूक होती, आणि योगायोग असा की, महाराष्ट्राच्या विधानसभेचे मतदानही त्याच दिवशी होते. वाईकरांना तर साताऱ्याच्या लोकसभेच्या पोटनिवडणुकीसाठीही मत द्यायचे होते. मी सकाळी उठले तोवर तिकडे संध्याकाळ झाली होती आणि शेजारच्या मुलाने आईचे छायाचित्र पाठवले होते: वॉकर धरून उभी, डाव्या हाताचे शाई लावलेले बोट पुढे केलेले. मग मी गेले. कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने फुली करून आले. आयुष्यात वीस वर्षांनी मत दिले होते. बाहेर येऊन सवयीने बोट पाहिले, तर कोरे. आईला फोन केला तर ती म्हणाली, "मी आज दोन मते दिली. तू एकच ना?"

जानेवारी २०२० मध्ये मी वाईला पोहोचले. मार्चमध्ये करोनामुळे सारे बंद झाले, आणि बाहेर असलेल्या कार्डवाल्यांचे येणे सरकारने थांबवले. ज्या कार्डावर 'जन्मभर' असे लिहिले होते, ते एका आदेशाने थांबले. मी आत होते म्हणून आईजवळ राहिले. दोन महिने उशीर केला असता, तर मिसिसागाच्या खिडकीत बसून राहिले असते. आईची माहेरची उपमा मला तेव्हापासून पुरती पटत नाही. एप्रिलमध्ये कॅनडा सरकारने आपल्या नागरिकांना परत नेण्यासाठी विमानांची सोय केली आणि तसा निरोप मला आला. आईने तो वाचून दाखवायला लावला. "तुमचे सरकार मोठे काळजीवाहू दिसते," ती म्हणाली. 'तुमचे' हा शब्द तिने मुद्दाम वापरला की सहज, हे मी विचारले नाही. मी गेले नाही. त्या वर्षभरात मी एकदाही दिवस मोजले नाहीत.

२०२१ च्या संक्रांतीनंतर आई गेली. तिच्या नावावर हळदीचे दीड एकर रान होते. मला ते विकत घेता आले नसते, पण वारसाने मिळू शकत होते. दादा आणि मी वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे गेलो. तरुण मुलगा होता. नाव, वय, मयताशी नाते असे तो लिहीत गेला. नागरिकत्वाचा रकाना त्या कागदात नव्हता. "रा." असे लिहून त्याने मान वर केली. "ताई, राहणार कुठल्या?"

मी दादाकडे पाहिले. दादा म्हणाला, "लिहा, मूळ रा. वाई, सध्या रा. मिसिसागा."

तलाठ्याने पहिला भाग झरझर लिहिला आणि दुसऱ्यापाशी थांबला. "मिसिसागा," तो म्हणाला, "मि ऱ्हस्व की दीर्घ?"

"ऱ्हस्व," मी म्हटले. "सि पण ऱ्हस्वच."