नजर वळली म्हणून

पुणे, रविवार

प्रिय वहिनी,


परवा फोनवर तू बोललीस ते मनातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते. गाडी सिग्नलला थांबली आणि बाकी सगळं सोडून दादाची नजर थेट पलीकडच्या वाईन शॉपच्या पाटीवर गेली. दारू सोडली म्हणतो, पण मन अजून तिथंच घुटमळतंय, असं तू म्हणालीस. त्यावरून घरी बोलाचाली झाली. वहिनी, या बाबतीत मी ठामपणे दादाच्या बाजूची आहे. नजर वळली म्हणून नियत फिरली असं होत नाही.

आमच्या कॉलेजात मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकलला मुलं स्ट्रूपची चाचणी करतात. चाचणी १९३५ सालची. 'लाल' हा शब्द निळ्या शाईत छापलेला असतो. शब्द वाचायचा नाही, फक्त शाईचा रंग सांगायचा. हुशारातली हुशार मुलगी अडखळते, कारण डोळ्यांनी तोवर शब्द वाचून टाकलेला असतो. पुढे संशोधकांनी याच चाचणीत दारूशी निगडित शब्द घातले. खूप पिणाऱ्यांना 'बिअर'सारख्या शब्दाच्या शाईचा रंग सांगायला 'खुर्ची'सारख्या शब्दापेक्षा जास्त वेळ लागतो. फरक सेकंदाच्या लहानशा अंशाचा, पण तेवढ्यात लक्ष पळवलेलं असतं. क्वचित पिणाऱ्यांत तो फारसा दिसत नाही.

दुसरी एक चाचणी मला जास्त बोलकी वाटते. पडद्यावर शेजारी शेजारी दोन चित्रं येतात, एक दारूच्या ग्लासचं, दुसरं साध्या वस्तूचं. क्षणात दोन्ही जातात आणि त्यातल्या एकाच्या जागी ठिपका उमटतो. ठिपका दिसला की बटण दाबायचं. ग्लासच्या जागी ठिपका आला तर पिणाऱ्याचं बोट लवकर चालतं, कारण नजर आधीच तिथं जाऊन बसलेली असते. उपचार घेऊन दारू थांबवलेल्या माणसांवरही हा प्रयोग झाला आहे. त्यातल्या काही अभ्यासांत असं आढळलं, की चित्र जेमतेम डोळ्यांपुढून गेलं तर लक्ष बाटलीकडे ओढलं जातं, पण अर्धा सेकंद मिळाला तर ते तिथून बाजूला होतं. वहिनी, हे पुन्हा वाच. पहिली ओढ जुन्या सवयीची असते आणि नजर काढून घेणं हे त्या माणसाचं काम असतं. तू पाटीकडे गेलेली नजर पाहिलीस. ती तिथून परत आली, तेही पाहायला हवं होतं.

असं का होतं, याचा एक धागा माकडांवरच्या प्रयोगात सापडतो. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांना फळांचा रस देताना त्यांच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी तपासल्या. सुरुवातीला रस मिळाला की पेशी उसळत. रसाआधी ठरावीक खूण दाखवायला लागल्यावर काही दिवसांनी त्या खुणेलाच उसळू लागल्या, आणि ठरल्याप्रमाणे मिळणाऱ्या रसाला गप्प राहिल्या. रॉबिन्सन आणि बेरिज यांनी १९९३ साली मांडलं, की व्यसनात 'आवडणं' आणि 'हवंसं वाटणं' यांची फारकत होते. पिण्यातली मजा कधीच संपलेली असते, तरी खुणा ओढतच राहतात. झोपलेल्या आईला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, पण बाळ जरा कुरकुरलं की ती उठून बसते, तसं काहीसं. दादाच्या बाबतीत ती पाटी, सोड्याची बाटली उघडल्याचा आवाज, खारे शेंगदाणे, शनिवारची संध्याकाळ, या सगळ्या वर्षानुवर्षांच्या खुणा आहेत. दारू थांबली म्हणून त्या त्याच दिवशी पुसल्या जात नाहीत.

आणि या चाचण्या एकेकट्या माणसाचा निवाडा करण्याइतक्या पक्क्या नाहीत. त्याच माणसाची आजची आणि आठवड्यानंतरची नोंद सहसा जुळत नाही. तलफ असेल तेव्हा ओढ वाढते, नसेल तेव्हा कमी होते. प्रयोगशाळेतली यंत्रं जिथं एका माणसाबद्दल खात्रीने बोलत नाहीत, तिथं तू गाडीतल्या बाजूच्या सीटवरून निकाल देऊ नयेस, असं मला मनापासून वाटतं.

माझा राग आहे तो खुणा पेरणाऱ्यांवर. टीव्हीवर दारूच्या जाहिरातीला बंदी आहे. म्हणून तेच नाव, तेच चिन्ह, तेच रंग घेऊन सोडा, पाणी आणि म्युझिक सीडी विकायला येतात. लेबलवर सोडा लिहिलंय की व्हिस्की, हे नजर थांबून वाचत नाही. तिला चिन्ह पुरतं, आणि जाहिरात करणाऱ्यांना ते चांगलं ठाऊक आहे. २०१६ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने हायवेपासून ५०० मीटरच्या आतली दारूची दुकानं हटवायला सांगितलं, तेव्हा त्या निकालात दुकानांच्या पाट्या आणि जाहिरातीही हायवेवरून दिसू नयेत असं बजावलं होतं. पुढे शहरांच्या हद्दीतले रस्ते त्यातून सुटले. आपल्याकडे गावोगावच्या बायका उभी बाटली की आडवी बाटली यावर मतदान करून दुकान बंद पाडतात. संसार वाचवायचा तर दुकान रोजच्या वाटेवरून जायला हवं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

या ओढीवर इलाजाचे प्रयत्नही चालू आहेत. जर्मनीत लिंडो इथल्या क्लिनिकमध्ये रुग्णांना पडद्यावरची दारूची चित्रं जॉयस्टिकने दूर ढकलायचा सराव दिला. वर्षाने पाहिलं तर, सराव न केलेल्यांपेक्षा त्यांच्यात पुन्हा प्यायला लागण्याचं प्रमाण सुमारे १३ टक्क्यांनी कमी होतं. हे २०११ साली प्रसिद्ध झालं. हा सराव नेहमीच्या उपचारांच्या जोडीला होता, त्यांच्याऐवजी नव्हे. म्हणून दादाचा फॉलोअप आणि व्यसनमुक्तीची मीटिंग चुकू देऊ नकोस.

घरात मात्र काही गोष्टी आजच करता येतील. शोकेसमधले ते कोरीव ग्लास कुणाला तरी देऊन टाक. ऑफिसातून येताना त्या चौकाऐवजी मागच्या रस्त्याने या, पाच मिनिटं जास्त लागू देत. आणि नजर गेलीच तर त्याला 'काय बघतोस?' म्हणून टोचू नकोस. 'आज जड जातंय का?' एवढंच विचार. तो 'हो' म्हणाला तर रागावू नकोस. खरं सांगायची सोय घरात असेल तरच तो सांगेल.

डिसेंबरात काकांकडचं लग्न आहे. रात्रीच्या पार्टीत काय काय असतं ते तुला माहीतच आहे. मी काकांशी बोलून ठेवलंय. जेवणं उरकली की दुपारीच आपण तिघं निघू. मुक्कामाला माझ्याकडेच या. दादाला अजून सांगितलेलं नाही, ते तू सांग.

तुझी
धाकटी नणंद