पासपोर्ट आणि पत

हुंडीचे मोल तिच्या कागदात नसते. ती ज्याच्यावर काढलेली असते त्याच्या शब्दात असते. मुदत भरली आणि पेढीने हुंडी सकारली, तर पत राहते. ऐनवेळी तोंड फिरवले, तर ती गोष्ट बाजार पिढ्यान्पिढ्या विसरत नाही. राष्ट्रांनी दिलेल्या कागदांचेही असेच असते. पूर्व आफ्रिकेत दुकानदारी करणाऱ्या भारतीय कुटुंबांनी १९६८ आणि १९७२ या दोन वर्षांत याचा अनुभव घेतला. ब्रिटनमध्ये आज परदेशातून येणाऱ्यांविषयी, विशेषतः आश्रय मागणाऱ्यांविषयी, जो वाद चालू आहे, त्यात या कुटुंबांचा दाखला दोन्ही बाजूंचे लोक देतात. म्हणूनच तो हिशेब मूळ चोपड्यातून पुन्हा तपासून पाहण्यासारखा आहे.

१८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधण्यासाठी ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले. त्यांतील बहुतेक परत आले. व्यापारी मात्र आपल्या हिमतीवर गेले. कच्छहून गेलेल्या अल्लिदिना विश्राम यांनी रुळांच्या आधारे आतल्या मुलखापर्यंत दुकाने उघडली. जामनगरभोवतालच्या हालार भागातील ओसवाल जैन कुटुंबे छप्पनच्या दुष्काळाच्या सुमारास गावे सोडून केनियाकडे वळली. लोहाणा, पाटीदार, खोजा अशा अनेक समाजांतील लोक गेले. गोव्याचे लोक सरकारी कचेऱ्यांत कारकून आणि हिशेबनीस झाले. युगांडात लुगाझी येथे मेहता आणि काकिरा येथे मधवाणी या घराण्यांनी साखर कारखाने उभारले. पण बहुसंख्य माणसे साध्या दुकानावर गुजराण करणारी होती. मीठ, कापड, घासलेट आणि साबण विकणाऱ्या या माणसाला तिथे ‘दुकावाला’ म्हणत.

१९६२ मध्ये युगांडा आणि १९६३ मध्ये केनिया स्वतंत्र झाला. तेथील भारतीयांना नव्या देशाचे नागरिकत्व घेण्यासाठी दोन वर्षांची मुदत मिळाली. काहींनी ते घेतले, काहींनी अर्ज करूनही कागद वेळेवर हाती आला नाही, आणि पुष्कळांनी ब्रिटिश नागरिकत्व कायम ठेवले. ब्रिटनने ते त्यांना राजरोस दिले होते. अडचणीच्या दिवशी एक दार उघडे राहील, एवढाच त्या पासपोर्टचा अर्थ होता.

अडचणीचा दिवस फार दूर नव्हता. १९६७ मध्ये केनियाने परदेशी नागरिकांना व्यापारासाठी आणि कामासाठी परवाने सक्तीचे केले. ब्रिटिश पासपोर्ट घेतलेली कुटुंबे लंडनच्या विमानात बसू लागली. तेव्हा ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचे सरकार होते आणि जेम्स कॅलहॅन गृहमंत्री होते. फेब्रुवारी १९६८ च्या अखेरीस त्या सरकारने अवघ्या तीन दिवसांत कायदा संमत करून घेतला. ज्याचे स्वतःचे, आईवडिलांचे किंवा आजीआजोबांचे ब्रिटनशी जन्माचे किंवा नागरिकत्वाचे नाते नाही, त्याला ब्रिटिश पासपोर्ट असूनही मुक्त प्रवेश उरला नाही. कायद्यात रंगाचा उल्लेख कुठेही नव्हता. पण अट अशी बेतली होती की केनियातील गोरा शेतकरी बहुधा आत आणि त्याच गावातील भारतीय दुकानदार बाहेर. दरवर्षी केवळ १,५०० कुटुंबप्रमुखांना परवाने देण्याचे ठरले. हुंडी आपण काढली नाही असे कोणी म्हटले नाही. ती वटवण्याची खिडकीच अरुंद करण्यात आली. पुढे १९७३ मध्ये युरोपीय मानवी हक्क आयोगाने या कायद्यात वांशिक भेदभाव असल्याचा निष्कर्ष काढला. कायदा झाल्यानंतर काही आठवड्यांतच, २० एप्रिल १९६८ रोजी, इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅममध्ये स्थलांतराविरुद्ध कुप्रसिद्ध भाषण केले. त्यांच्या पक्षाचे नेते एडवर्ड हीथ यांनी त्यांना तात्काळ आपल्या छाया मंत्रिमंडळातून दूर केले. तरी लंडनचे गोदी कामगार पॉवेल यांच्या समर्थनार्थ रस्त्यावर उतरले.

युगांडातील रोषाचीही दखल घ्यायला हवी. तेथील कापूस खरेदी, जिनिंग आणि किरकोळ व्यापार यांवर भारतीयांची पकड होती. वसाहतीच्या रचनेत गोरा अधिकारी वर, भारतीय मध्ये आणि आफ्रिकन शेतकरी खाली, अशी उतरंड होती. शेतकऱ्याची गाठ रोज पडे ती मधल्या माणसाशी. वस्त्या वेगळ्या, शाळा वेगळ्या, सोयरीक तर दूरच. १९५९ मध्ये बुगांडा भागात भारतीय दुकानांवर बहिष्कार पुकारला गेला. १९६९ मध्ये ओबोटे सरकारने व्यापारी परवान्यांचा कायदा केला. या असंतोषाला खरी कारणे होती. इदी अमीनने ती कारणे सोडवली नाहीत, ती वापरली.

४ ऑगस्ट १९७२ रोजी त्याने ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या भारतीयांना देश सोडण्याचा हुकूम दिला. मुदत नव्वद दिवसांची. पुढे फेरफार होत ती कक्षा वाढत गेली. युगांडाचे नागरिक असलेल्यांचेही कागद तपासणीत नाकारले गेले आणि ते कुठलेच नागरिक उरले नाहीत. एकाच घरात पतीकडे एक कागद, पत्नीकडे दुसरा, आणि म्हाताऱ्या आईकडे तिसरा. कंपालातील ब्रिटिश उच्चायुक्तालयासमोर रांगा लागल्या. सोबत नेण्याची परवानगी कुटुंबामागे सुमारे ५० पौंडांची. एंटेबे विमानतळाच्या रस्त्यावर सैनिकांच्या चौक्या होत्या, आणि तिथे बांगड्या आणि घड्याळेही उतरवून घेतली जात. काही कुटुंबे रेल्वेने मोंबासाला आणि तिथून जहाजाने मुंबईला आली. दुकानांच्या किल्ल्या, उधारीच्या वह्या आणि बँकेतील शिल्लक मागेच राहिली.

ब्रिटनमध्ये आता हीथ यांचेच सरकार होते. आपल्या पासपोर्टधारकांना दुसऱ्या देशाने हाकलले, तर त्यांना घेण्याची जबाबदारी आपली आहे, असा कायदेविषयक सल्ला सरकारला मिळाला होता. सरकारने तो मानला, पण तत्पूर्वी कॅनडा, भारत आणि इतर देशांनी काही भार उचलावा म्हणून धावपळही केली. स्मिथफील्ड मांसबाजारातील हमालांनी निषेधाचा मोर्चा काढला. ऑक्टोबरमध्ये हुजूर पक्षाच्या अधिवेशनात पॉवेल यांनी सरकारच्या धोरणावर हल्ला चढवला. तरुण सदस्यांनी मांडलेली सरकारला पाठिंबा देणारी दुरुस्ती १,७२१ विरुद्ध ७३६ मतांनी मंजूर झाली. अखेरीस सुमारे २८,००० माणसे ब्रिटनमध्ये आली. कॅनडाने हजारोंना घेतले. ज्यांच्याकडे कोणताच कागद उरला नव्हता, त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित यंत्रणेने ऑस्ट्रिया, इटली, माल्टा अशा देशांतील छावण्यांत तात्पुरते ठेवले.

लेस्टर शहराची गोष्ट या प्रकरणात वारंवार सांगितली जाते. तेथील नगर परिषदेने सप्टेंबर १९७२ मध्ये कंपालाच्या ‘युगांडा आर्गस’ या दैनिकात जाहिरात दिली. घरांसाठी हजारो कुटुंबे प्रतीक्षेत आहेत, शाळा भरल्या आहेत, आरोग्यसेवेवर ताण आहे. तेव्हा कृपया लेस्टरला येऊ नये, असा तिचा आशय होता. त्यातील सर्वच खोटे नव्हते. घराच्या प्रतीक्षायादीत नाव असलेला गरीब इंग्रज कामगार दुष्ट होता असे म्हणता येणार नाही. पण जिथे आप्त आणि ओळखीचे लोक असतात, तिथेच माणूस जातो. हजारो कुटुंबे लेस्टरलाच पोहोचली.

पुढची गोष्ट सुखाची म्हणून सांगितली जाते. लष्कराच्या रिकाम्या छावण्यांत थंडीचे दिवस काढलेल्या कुटुंबांनी बेलग्रेव्ह रोडवर दुकाने थाटली. शहरातील एक जुने ख्रिस्ती प्रार्थनामंदिर जैन समाजाने घेतले, आणि १९८८ मध्ये तिथे जैन मंदिराची प्रतिष्ठा झाली. ज्या शहराने येऊ नका म्हटले, त्याच शहराने पन्नास वर्षांनी या आगमनाचे प्रदर्शन भरवले. पण चोपड्यात एवढेच नाही. पूर्व आफ्रिकेतून आलेल्या अनेकांना दुकान मिळाले नाही, यंत्र मिळाले. लेस्टरच्या इम्पीरियल टाइपरायटर कारखान्यात १९७४ मध्ये आशियाई कामगारांनी बोनसमधील अन्यायाविरुद्ध संप केला. लंडनच्या ग्रनविक फोटो प्रक्रिया केंद्रातील १९७६ चा लढा जयाबेन देसाई यांनी चालवला. त्या टांझानियातून आलेल्या होत्या. गल्ल्यावर बसलेल्या माणसाने हातांवर तेल माखून घेतले, तेव्हा घर उभे राहिले.

इथेच एक गफलत होते. ही माणसे उद्योगी निघाली, त्यांनी कर भरला आणि रोजगार दिला, म्हणून त्यांना घेणे योग्य ठरले, असे मित्रही म्हणतात. हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे, पण तो धोकादायक आहे. १९७२ च्या सप्टेंबरमध्ये विमानातून उतरणाऱ्या वृद्ध विधवेच्या नावे कोणता नफा लिहिता आला असता? तिला घेतले ते ती पुढे कमावणार होती म्हणून नव्हे, तर तिच्या हातातील कागदावर ब्रिटनची सही होती म्हणून. देणे फेडताना घेणाऱ्याची ऐपत पाहायची नसते. अशा देण्याला एकदा गुंतवणूक म्हटले, की तोट्यात जाणारी माणसे आपोआप दाराबाहेर राहतात.

आजच्या वादात याचे भान सुटलेले दिसते. २०२२ मध्ये ४५,००० हून अधिक माणसे छोट्या नावांतून इंग्लिश खाडी ओलांडून ब्रिटनमध्ये आली. त्या वर्षी एप्रिलमध्ये सरकारने आश्रय मागणाऱ्यांना रवांडाला पाठवण्याचा करार जाहीर केला. तेव्हाच्या गृहमंत्री प्रीती पटेल यांचे आईवडील १९६० च्या दशकात युगांडातूनच ब्रिटनला आले होते. पुढे ऋषी सुनक यांनी हीच योजना रेटली. त्यांचे वडील केनियात आणि आई टांगानिकात जन्मलेली. सुएला ब्रेव्हरमन यांचे वडील मूळ गोव्याच्या कुटुंबातले, केनियातून आलेले. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये योजना बेकायदा ठरवली, सरकारने तिच्यासाठी नवा कायदा केला, आणि जुलै २०२४ मध्ये आलेल्या नव्या सरकारने ती गुंडाळली. युगांडाला लागून असलेल्याच देशात माणसे पाठवण्याची ही योजना भारतीय वंशाच्या नेत्यांनी पुढे न्यावी, याची टीकाकारांनी खिल्ली उडवली. त्या नेत्यांचे उत्तर असे, की आमचे वाडवडील कायदेशीर मार्गाने आले.

या उत्तरात तथ्य आहे. युगांडातून आलेले बहुतेक लोक ब्रिटिश पासपोर्टधारक होते. नावेतून येणाऱ्या माणसाकडे तो कागद नाही. प्रत्येक देशाला आपल्या सीमेचा हिशेब ठेवण्याचा अधिकार आहे, आणि येणाऱ्या प्रत्येकाचा दावा खरा असेलच असे नाही. पण कायदेशीर मार्ग ही फिरती गोष्ट आहे. २६ फेब्रुवारी १९६८ रोजी जो मार्ग कायदेशीर होता, तो आठवडाभराने उरला नव्हता. शिवाय दुसरीही एक हुंडी आहे. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर ब्रिटनने सही केली, आणि १९५४ मध्ये तो पक्का केला. प्रत्येकाला ठेवून घेण्याचे बंधन त्यात नाही. छळाच्या भीतीने आलेल्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, ते खरे ठरले तर त्याला छळाच्या जागी परत ढकलू नये, आणि केवळ विनापरवाना आला म्हणून शिक्षा करू नये, हे त्याचे सार आहे. हा करार नको असेल तर उघडपणे त्यातून बाहेर पडण्याची वाट मोकळी आहे. सही कायम ठेवायची आणि खिडकी बंद करायची, याला व्यापारी भाषेत एकच नाव आहे.

लंडन, लेस्टर किंवा नैरोबीला ज्यांचे आप्त आहेत, अशा कितीतरी घरांत युगांडाची गोष्ट आजही सांगितली जाते. ती सांगताना कष्ट आणि भरभराट यांच्याबरोबर १९६८ ची अरुंद झालेली खिडकी आणि लेस्टरची जाहिरातही सांगितली जावी. काकिराच्या उसाइतकीच त्या उसाकडे बाहेरून पाहणाऱ्या शेतकऱ्याचीही आठवण निघावी. दूरचित्रवाणीवर एखादी नाव किनाऱ्याला लागताना दिसली आणि घरातील तरुणाने ‘ही माणसे आपल्यासारखी नाहीत’ असे म्हटले, तर १९७२ मध्ये कंपालाहून आलेल्या माणसांबद्दलही नेमके हेच म्हटले गेले होते, एवढे त्याला ठाऊक असावे. पुढचे मत त्याने स्वतः बनवावे.