पथ्याची वहिवाट

मधुमेह हा गादीतक्क्याला टेकून बसणाऱ्यांचा व्याधी, अशी आमच्या हिरडस मावळात पिढ्यान्‌पिढ्या दृढ समजूत होती. आणि ज्या मुलखात चतकोर खाचरासाठी डोंगराच्या अंगावर दगडी ताली रचाव्या लागतात, जेथे भोरहून महाडकडे उतरणारा वरंध्याचा घाट भर पावसाळ्यात दरडींनी बंद झाला की माणसाला आपल्या दोन पायांवरच भिस्त ठेवावी लागे, त्या मुलखातील लोकांनी या व्याधीकडे दुरून, किंचित असूयेनेच पाहावे, यात अस्वाभाविक असे काही नव्हते. सन 1660 च्या जुलैत पन्हाळ्याहून विशाळगडाकडे पावसाच्या रात्री चिखल तुडवीत धावलेले बांदलांचे लोक याच खोऱ्यातले. त्यांची स्मृती आम्ही फलकांवर मोठ्या अक्षरांत जपतो, आणि त्या फलकाखालून दुधाची किटली डेअरीपर्यंत पोचवायची झाली तरी दुचाकीची किल्ली शोधतो.

महसूल खात्यातील नोकरी आटोपून मी हिर्डोशीच्या घरी येऊन स्थिरावलो, आणि भोरच्या एका प्रयोगशाळेने माझ्या रक्ताविषयी आपला लेखी अभिप्राय दिला, तेव्हा घरात भीतीपेक्षा आश्चर्यच अधिक उमटले. "अहो, तुम्ही तर अंगाने सडसडीत," असे पत्नी म्हणाली, शेजारच्या आबांनी मात्र क्षणाचाही विलंब न लावता निवाडा दिला, "कचेरीतल्या चहानं केलं बघा हे." या व्याधीचे हे एक वैशिष्ट्यच आहे, की निदान आणि आरोपपत्र एकाच लखोट्यातून येतात. हिवताप झालेल्या माणसाला कोणी त्याचे चारित्र्य विचारीत नाही. पण "शुगर निघाली" म्हटले, की त्याने आजवर खाल्लेल्या प्रत्येक लाडवाची चौकशी सुरू होते, आणि चौकशी करणाऱ्यांत त्याला तो लाडू आग्रहाने वाढणारेच पुढे असतात.

आता हे खरे, की हा आरोप जुना आहे आणि अगदीच निराधार नाही. चरकाने प्रमेहाची कारणे सांगताना बसण्याचे सुख आणि झोपेचे सुख यांना अग्रस्थान दिले आहे, आणि मग दही, नवे धान्य, गुळाचे पदार्थ यांची नावे घेतली आहेत. त्या यादीत माझ्या तीन दशकांच्या खुर्चीचा समावेश झालेला पाहून मला प्राचीनांच्या दूरदृष्टीचे कौतुक वाटले. तथापि या आरोपपत्रात एक मोठी उणीव आहे, आणि ती दाखविण्याचे श्रेय आमच्याच जिल्ह्यातील संशोधनाला आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी डॉ. जॉन युडकिन या दोघांचे शेजारी शेजारी उभे राहिलेले छायाचित्र 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात, तो दोघांचाही अगदी सारखा, म्हणजे 22.3, परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण मोजले, तेव्हा युडकिनसाहेबांचे 9.1 टक्के भरले आणि आपल्या याज्ञिकांचे 21.2! सडसडीत दिसणारा भारतीय मनुष्य आतून सडसडीत असतोच असे नाही, हे सिद्ध करण्यासाठी एका संशोधकाने स्वतःचेच शरीर साक्षीला उभे करावे, यातील विनोद आणि प्रामाणिकपणा दोन्ही मला फार आवडले.

त्याहूनही गंभीर गोष्ट त्याच्या मागे आहे. याच रुग्णालयातील मंडळींनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांची, त्यांच्या गर्भारपणाची आणि पुढे त्यांच्या मुलांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन 2.7 किलो भरले, इंग्लंडातील बालकांचे साडेतीन. स्नायू आणि पोटातील इंद्रिये यांत आपली बालके मागे पडली, पण कातडीखालची चरबी मात्र त्यांनी जणू निकराने राखून ठेवली होती. गर्भावस्थेतच मिळालेली टंचाईची ताकीद शरीर पुढे मरेपर्यंत विसरत नाही, आणि अशा शरीरापुढे एकाएकी सुबत्ता येऊन उभी राहिली की ते गोंधळते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मी हे वाचले तेव्हा मला माझ्या आजीची आठवण झाली, जी आवणीच्या दिवसांत पोटुशी असतानाही गुडघाभर चिखलात दिवसभर वाकलेली असे आणि घरातल्या सर्वांची पाने झाल्यावर, उरले तर, जेवत असे. आबांनी माझा दोष कचेरीच्या चहावर टाकला. त्याचा काही हिस्सा तिच्या न वाढल्या गेलेल्या पानाकडेही जातो.

म्हणूनच "आपल्या वाडवडिलांसारखे खा, काही होणार नाही" हा जो सल्ला हल्ली सर्वत्र मुक्तहस्ते दिला जातो, तो ऐकताना माझे मन थोडे कडवट होते. वाडवडील वरई आणि नाचणी खात, ती पौष्टिकतेच्या विचाराने नव्हे. आंबेमोहर पिकविणाऱ्या या मुलखात भात हा पुष्कळ घरी विकण्यासाठी होता, आणि नाचणी ही उतारावरच्या वरकस जमिनीत येणारी, नाइलाजाची होती. ते चालत, कारण गाडी नव्हती. त्यांचे जीवन हे पथ्य नव्हते, सक्ती होती. आणि सक्तीला आरोग्याचे नाव देणे हा त्यांच्या उपासमारीचा एक प्रकारे उपहासच आहे. मला जे करावयाचे होते ते याहून निराळे आणि, माझ्या मते, अधिक अवघड होते: तेच कष्ट आणि तेच बेताचे अन्न, परंतु पोटभर मिळत असताना, आपल्या राजीखुशीने.

आणि साखरेच्या बाबतीत आमच्या खोऱ्याची भूमिका तशी निष्पाप नाहीच. येथे कोसळणारा पाऊस नीरा देवघरच्या जलाशयात साठतो, शेजारच्या वेळवंडीच्या खोऱ्यातला भाटघरच्या धरणात, जे 1928 साली पुरे झाले. पुढे ते पाणी कालव्यांनी बारामती-फलटणकडे जाऊन उसात उतरते, आणि पोत्यांतून साखर होऊन घाटमाथ्याच्या दुकानात परत येते. असो.

पहिल्या काही आठवड्यांत मी पथ्य पाळीत होतो म्हणण्यापेक्षा पथ्य मला पाळीत होते, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. डॉक्टरांनी मेटफॉर्मिनची गोळी दिली, जेवणाविषयी चार गोष्टी सांगितल्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासण्यास बोलाविले. या तीन महिन्यांमागे कारण आहे. तांबड्या रक्तपेशी सुमारे 120 दिवस जगतात, आणि तेवढ्या काळात रक्तातील साखरेचा जो अंश त्यांना चिकटतो, त्यावरून एचबीएवनसी नावाचा आकडा काढतात. तो साडेसहा टक्के किंवा त्याहून अधिक भरला, की मधुमेह गणला जातो. माझा साडेआठाच्या पुढे होता. उपाशीपोटीची साखर म्हणजे त्या दिवसाची रोजकीर्द, आणि हा आकडा म्हणजे तिमाही ताळेबंद. तपासणीच्या आदल्या रात्री उपास करून रोजकीर्द सुधारता येते, ताळेबंदात मात्र मागच्या पंगतीतल्या जिलब्या जशाच्या तशा उभ्या असतात. जन्मभर दुसऱ्यांची दप्तरे तपासलेल्या माणसाला अशा लबाडी न चालणाऱ्या हिशेबाविषयी आदर वाटावा, हे क्रमप्राप्तच होते.

भात सोडणे मला शक्य नव्हते, आणि तो सोडण्याची आवश्यकताही नव्हती. ताटातील क्रम बदलला: आधी कोशिंबीर आणि पालेभाजी, मग उसळ किंवा घट्ट वरण, आणि शेवटी मूदभर भात, ज्याची मूद पूर्वी वाटीने पडे आणि आता पळीने पडते. नाचणीविषयी एक भ्रम येथे दूर करणे इष्ट आहे. नाचणी म्हणजे औषध, असे समजून भाकरीवर भाकरी खाणारे आणि सकाळी वाडगाभर आंबील पिणारे सद्गृहस्थ मी पाहिले आहेत. नाचणीतही पिष्ट आहेच, आणि बारीक दळून पातळ शिजविलेली नाचणी साखर वाढविण्यात फारशी मागे राहत नाही. धान्य बदलल्याने जेवढे साधले, त्याहून अधिक मात्रा बदलल्याने आणि जेवणानंतर लगेच पाय मोकळे करण्याने साधले, कारण चालणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो आणि त्यासाठी त्याला इन्शुलिनची वाट तितकीशी पाहावी लागत नाही.

सर्वांत कठीण प्रकरण चहाचे. आमच्या भागात पाहुण्याने चहा नाकारणे हा घरधनिणीचा अपमान समजतात, आणि "बिनसाखरेचा" म्हटले, की चेहऱ्यावर अशी काही करुणा पसरते, की साखर घेतलेली परवडली. मी शेवटी चहाऐवजी ताक मागू लागलो. ताक मागणारा मनुष्य आजारी ठरत नाही, जुन्या वळणाचा ठरतो.

सुश्रुताने धनहीन प्रमेह्याला सांगितलेला उपाय मला या दिवसांत वारंवार आठवे: त्याने अनवाणी, छत्रीवाचून, मुनीसारखे संयमाने शंभर योजने चालावे, किंवा जमीन नांगरावी, किंवा विहीर खणावी. विहीर खणण्याचे वय माझे राहिले नाही. पण पडक्या ताली पुन्हा रचण्याचे काम मी गड्याबरोबर हाती घेतले. अनवाणी चालण्याची आज्ञा मात्र मी आदरपूर्वक अमान्य केली, कारण या व्याधीत पायांची संवेदना हळूहळू मंदावते आणि खाचरातील काटा किंवा बूट चावल्याची जखम दिवसेंदिवस ध्यानात येत नाही. रात्री दिव्यासमोर तळपाय पाहणे हे मी संध्येइतकेच नियमाने करतो. दुसरा तिमाही आकडा सातांच्या खाली आला, पोट आत गेले, आणि गोळीची मात्रा डॉक्टरांनी, मी नव्हे, निम्मी केली. ब्रिटनमधील डॉ. रॉय टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली दाखविले, की वजन पुरेसे उतरविलेल्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांची साखर औषधांवाचूनही आटोक्यात राहू शकते. पण जुना मेद परतला, की व्याधीही परततो. म्हणून "बरा झालो" असे मी कोणाला सांगत नाही, आणि गोळी टाकून काढा घेण्याचा सल्ला देणाऱ्याशी वादही घालीत नाही.

यंदा आवणीच्या आधी आशाताई तिशीपुढच्या माणसांची यादी घेऊन वाडीत आल्या. आबांचा नातू, मुंबईस नोकरी करणारा आणि लावणीपुरता गावी आलेला, बांधावर उभा होता. "मी कुठं जाडा आहे? लावणी उरकू द्या, मग बघू," असे म्हणून तो हसला. लावणी उरकताच तो एस.टी. धरणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. मी त्याला त्या दोन डॉक्टरांच्या छायाचित्राची हकिकत सांगितली; त्याने ती अर्धवट ऐकली, हात पंचाला पुसला आणि बोट पुढे केले. आकडा बेताचा निघाला. आशाताईंनी तो वहीत लिहिला, पुढच्या वर्षीच्या यादीत त्याचे नाव आताच घातले, आणि आबांकडे वळून म्हणाल्या, "आता तुमचं बोट द्या बरं, आबा. तुम्ही दोन वर्षं चुकवताय."