आधी पाणी, मंग नाव

आमच्या आजीच्या आधार कार्डावर जन्मतारीख होती 1 जानेवारी 1935. यात विशेष काही नाही. आमच्या गावातली निम्मी म्हातारी मंडळी 1 जानेवारीलाच जन्मलेली आहेत! तारीख माहीत नसली की फॉर्म भरणारा तीच टाकून मोकळा होतो. आजीला वय विचारलं तर ती आकडा सांगायचीच नाही. "रझाकाराच्या साली मी या घरात नवी होती," एवढंच. पुढचा हिशोब आपला आपण करायचा. 2023 च्या डिसेंबरात ती गेली, तेव्हा असाच हिशोब करून आम्ही अठ्ठ्याऐंशी हा आकडा पक्का केला.

आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर. (बाहेरच्यांसाठी : आमच्या जिल्ह्याचे दोन भाग. शेगाव, खामगाव, मलकापूर घाटाखाली; चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा घाटावर. सोयरीक जुळवतानाही हा प्रश्न आधी येतो.) औरंगाबादहून जालना, सिंदखेडराजा, मेहकर करत नागपूरला जाणारा जो जुना रस्ता आहे, त्याला लागूनच घर. समोर लिंबाचं झाड, ओसरी, ओसरीच्या कोपऱ्यात रांजण. एवढं साहित्य रस्त्याच्या कडेला मांडल्यावर माणसं थांबणारच. पंक्चर झालेले ट्रकवाले, एस.टी. चुकलेले मास्तर, लोणारचं सरोवर बघून परतणारी कॉलेजची पोरं, मेंढरंवाले, तपासणीला आलेले तलाठी. सगळे एकदा तरी आमच्या ओसरीवर जेवलेत.

आजीचा नियम एकच होता. "आधी पाणी, मंग नाव."

हा नियम तिचा नाही, तिच्या सासूचा. त्यामागची गोष्ट मला बऱ्याच उशिरा कळली. मराठवाडा मुक्तिसंग्राम आम्ही शाळेत वाचला होता, पण तो 'तिकडचा' इतिहास वाटायचा. आमचा जिल्हा वऱ्हाडात. आणि सिंदखेडराजा-लोणारच्या पलीकडचा जालना-परभणीचा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात. 1947-48 मध्ये तिकडे रझाकारांचा जाच वाढला, तशी हद्दीजवळच्या गावांतली कुटुंबं बैलगाड्या जुंपून अलीकडे यायला लागली. अशीच एक गाडी रात्री आमच्या दारात थांबली. बाया, पोरं, एक गाय. आजी तेव्हा बारा-तेरा वर्षांची सून. तिनं कंदील वर धरून विचारलं, "कोण तुम्ही?" सासूनं तिच्या हातात तांब्या दिला आणि म्हणाली, "आधी पाणी दे. पळून आलेल्या माणसाले नाव सांगायचं भ्याव वाटते."

ते कुटुंब तीन महिने राहिलं. 17 सप्टेंबर 1948 ला निजामानं शरणागती पत्करली, त्यानंतर आपल्या गावी परत गेलं. त्यांच्या घरची दिवाळीची पत्रं पुढं कित्येक वर्षं यायची.

अर्थात सगळं गोड गोड सांगायला नको. नाव विचारलं की जात कळते, आणि त्या काळी आमच्याही घरात काही माणसांना पाणी वरून ओतलं जायचं. ते आजीच्या राज्यात बंद झालं. तिनं त्यावर कधी भाषण दिलं नाही. नाव पाण्यानंतर विचारायचं म्हटल्यावर भांडं कुणाला कुठलं द्यायचं, हा प्रश्नच उरत नाही ना!

आता मूळ मुद्दा. लोक म्हणतात, "तुमची आजी म्हणजे अन्नपूर्णा हो!" तेरवीला तर हे वाक्य मी किमान पन्नास वेळा ऐकलं. मला ते पटत नाही. अन्नपूर्णेचं भांडं आपोआप भरतं. आजीचं भरायचं नाही, ती भरायची.

पद्धत अशी. भाकरीचं पीठ परातीत घेतलं की मळायच्या आधी त्यातली एक मूठ परत वेगळ्या डब्यात. सकाळी एक, संध्याकाळी एक. ही पाहुण्याची मूठ. मी एकदा (सवयीनं) गणित मांडून पाहिलं. मूठ म्हणजे साधारण पन्नास ग्रॅम धरा. दिवसाला शंभर, महिन्याला तीन किलो. किलोभर पिठात दहा भाकरी, म्हणजे महिन्याला तीस. दहा-पंधरा माणसं आरामात जेवतील, आणि घरातल्या कुणाच्याही ताटात कमी पडलेलं दिसणार नाही. आम्ही ऑफिसात कपॅसिटी प्लॅनिंग म्हणून मोठमोठ्या शीट बनवतो, मीटिंगा घेतो. हिचा एक डबा होता.

1972 च्या दुष्काळात या पद्धतीची खरी परीक्षा झाली. पाऊस गेला, ज्वारी गेली. राज्यभर दुष्काळी कामं निघाली. (याच काळात रोजगार हमी योजना राज्यभर पसरली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला.) आजी खडी फोडायला जायची. रेशनवर अमेरिकेचा मिलो मिळायचा, लाल ज्वारी. त्याची भाकरी थापताना फाटायची, खाताना घशात अडकायची. त्या वर्षी डबा बंद केला असेल ना, असं मी विचारलं होतं. ती म्हणाली, "मूठ बारकी केली, बंद नाही केली." पाहुणा आला की त्याला खरं सांगायचं, "बाप्पा, आज कण्याच हायेत, अर्धी वाटी येतीन." माणूस अर्धी वाटी खाऊन जायचा. घरात असेल त्यातलं द्यायचं आणि नसेल ते लपवायचं नाही. पाहुणचाराची ही बाजू मला शहरात फारशी कुठे दिसत नाही. आपल्याकडे पाहुणा म्हणजे आधी तीन दिवस घर आवरणं!

पण या सगळ्या कौतुकात एक माणूस गप्प असतो. माझी आई.

आई 1992 मध्ये या घरात आली. तिचं वाक्य आहे, "जेवू घालायचं नाव त्यांचं, आणि हात माझे." यात कडवटपणा नाही, ही निव्वळ माहिती आहे. आजी ओसरीवर बसून "जेवून जाय रे भाऊ" म्हणायची, तेव्हा आत चुलीशी आई आणि काकू असायच्या. जेवायला सगळ्यात शेवटी त्याच बसायच्या. सणाला माहेरी जायला निघालेली आई पाहुणे आले म्हणून पिशवी परत खुंटीला अडकवते, हे मी लहानपणी दोनदा पाहिलंय. आजीवर जीव होताच, पण हे दृश्यही डोळ्यासमोरून जात नाही.

2020 चा लॉकडाऊन लागला तेव्हा मी गावीच होतो. गच्चीवर नेटवर्क शोधत काम करायचो. खाली रस्त्यावरून माणसं चालत निघालेली, डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. कुणी नागपूरकडे, कुणी पुढं थेट छत्तीसगडला. आजीनं रांजण रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवायला लावला. कट्ट्यावर कागदात बांधलेल्या भाकरी आणि ठेचा. ती लांबून ओरडायची, "घ्या रे, घेऊन जा!" दिवसाला साठ-सत्तर भाकरी. आठव्या दिवशी आईचं मनगट सुजलं. आईनं सांगितलं नाही, आजीनं पाहिलं. रात्री जेवताना ती एवढंच म्हणाली, "उद्यापासून पीठ पोट्टे मळतीन. आन् त्याइचा बापही."

पंच्याऐंशी वर्षांच्या बाईनं त्र्याहत्तर वर्षांची घराची रीत एका वाक्यात बदलली. माझी पहिली भाकरी तव्यावर पडता पडता दोन झाली. बाबांची गोल व्हायची, पण पोळपाटाएवढी जाड. आजी काठी टेकवत शेजारी बसून चुका काढायची आणि आई, त्या घरात बहुधा पहिल्यांदाच, आमच्या आधी जेवली.

असो. 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. तो आमच्याच भागातून जातो, पण गावाला वळसा घालून. गाड्या तिकडे वळल्या. ओसरीवर माणसं कमी झाली. आजी शेवटचं वर्षभर संध्याकाळी रस्त्याकडे बघत बसायची. "लोकाइले तहान लागत नाही का आता?" असं एकदा तिनं मला विचारलं. त्यांच्याकडे बाटल्या असतात, असं मी सांगितलं. तिला ते फारसं पटलं नाही.

तेरवी झाल्यावर घराचा विषय निघाला. काका म्हणाले, रस्त्यालगतची जागा आहे, किंमत येतेय तोवर विकून टाकू. बाबा काहीच बोलले नाहीत. आई म्हणाली, "ठेवा नाहीतर विका. पण चूल मी पेटवणार नाही. माझं करून झालं." तिला कुणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंही.

विषय तसाच लोंबकळत राहिला. मग 2024 ची आषाढी झाली आणि शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परत निघाली. परतीची वाट सिंदखेडराजा, लोणार, मेहकर करत आमच्या दारावरून जाते. मागून चालणाऱ्या लोकांना आमच्याकडे पिठलं-भाकरी ठरलेली. बाबांनी फोन केला, "रजा टाक. आपण करू."

आम्ही पाच पुरुष पहाटे तीनला उठलो. बारा किलो पीठ. आईला ओसरीवर खुर्ची टाकून दिली आणि आत यायचं नाही म्हणून सांगितलं. ती दोनदा आली, दोनदा परत पाठवली.

पालखी आली. टाळ, पताका, पांढऱ्या कपड्यांतल्या वारकऱ्यांच्या सरळ रांगा. आई उभी राहिली. नंतर म्हणाली, "इतक्या वर्षांत पालखी मी नुसती ऐकली होती रे. टाळ जवळ आले की पिठल्याला फोडणी द्यायची, एवढंच माहीत. एवढ्या चिखलातून चालून यांचे कपडे असे पांढरे कसे राहतात?" हे तिनं संध्याकाळी फोनवर मावशीलाही सांगितलं, आणि मग काकूच्या माहेरी.

भाकरी मात्र साडेदहालाच संपल्या. बाबांनी रात्री आजीच्या जुन्या वहीत नोंद केली : पुढच्या साली पीठ वीस किलो, तवे तीन. वही काकांच्या समोरच पडली होती. त्यांनी ती उचलून वाचली आणि खाली लिहिलं, "गॅस नको, चूलच." घराचा विषय त्यानंतर निघालेला नाही.