डोंगर तंबूत, डोंगर रक्तात!

कडावहून पश्चिमेला माथेरानचा डोंगर दिसतो. उंची साधारण ८०० मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे नऊ-दशांश, म्हणजे श्वासागणिक प्राणवायू थोडासाच कमी. एवढ्यानं धावपटूच्या रक्तात फारसा फरक पडत नाही. त्यासाठी अठराशे ते अडीच हजार मीटर उंचीवर तीन-चार आठवडे तळ ठोकावा लागतो.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ठाऊक आहे ना? सैन्यात असताना तो सियाचीनला राहून आला. २०२२ मध्ये त्यानं अमेरिकेत कोलोराडो स्प्रिंग्ज इथे, १,८०० मीटरांवर सराव केला. त्याच वर्षी राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक! सुवर्ण हुकलं ते अवघ्या पाच शतांश सेकंदानं. (सगळं श्रेय हवेला देऊ नका हं, पाय त्याचेच होते.)

उंचावर प्राणवायू कमी पडला की मूत्रपिंडं 'एरिथ्रोपोएटिन' नावाचं संप्रेरक जास्त सोडतात. मग अस्थिमज्जा तांबड्या पेशी वाढवते. या पेशी म्हणजे प्राणवायू वाहणारे हमालच. हमाल वाढले की स्नायूंना माल जास्त!

पण विरळ हवेत जोरात पळवत नाही. म्हणून 'राहा वर, पळा खाली' ही युक्ती निघाली. डोंगर नसेल तिथे खास तंबू लावतात. यंत्र आतल्या हवेतला २१ टक्के प्राणवायू १५-१६ टक्क्यांवर आणतं. खेळाडू रात्री आत झोपतो, दिवसा बाहेर पळतो. फायदा मात्र सगळ्यांना सारखा होत नाही. कुणाचं डोकं दुखतं, कुणाची झोप उडते. हा प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचा, बरं का!

आमच्याकडे नववीतला एक पोरगा नाकातोंडावर जाड रुमाल आवळून पळत होता. "काका, डोंगराची हवा करतोय!" म्हणाला. अरे बाबा, रुमालानं श्वास अडतो, हवेत प्राणवायू २१ टक्केच राहतो. बाजारातल्या मास्कचंही तेच. रक्त बदलत नाही, उन्हात जीव मात्र घाबरा होतो. मी रुमाल सोडवला आणि विचारलं, "रक्त कधी तपासलंस?"

कारण लोह नसेल तर तांबड्या पेशी वाढणार कशा? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. पालकांनो, पोरं पळत असोत वा नसोत, त्यांचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. कमी असेल तर डॉक्टर सांगतील त्या गोळ्या द्या. ताटात माठाची भाजी, चवळी आणि वर लिंबू असू द्या. जेवणावर लगेच चहा मात्र नको. त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही.