खुब्यातील कळ

आईने दिलेले मूत्रपिंड माझ्या ओटीपोटात रुजले, डायलिसिसच्या यंत्राशी जडलेला संबंध तुटला, आणि टेंभुर्णीस परतल्यावर भेटावयास येणारा प्रत्येक आप्त ‘सुटलास रे बाबा’ म्हणू लागला, तेव्हा मलाही ते मनोमन पटले होते. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यान्वये लागणारे नात्याचे पुरावे, दाखले आणि प्रतिज्ञापत्रे जमविताना जाफराबादच्या तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजविल्या होत्या. पण त्या साऱ्या धावपळीत हाडांविषयी कोणी अवाक्षर काढल्याचे स्मरत नाही.

पुढे एका लग्नाच्या पंगतीत मांडी घालून बसताना उजव्या जांघेत अशी कळ उठली की हातातला घास हातातच राहिला. वात समजून शेक झाले, लेप झाले. साध्या क्ष-किरण चित्रात काहीच दिसेना. एमआरआयमध्ये मात्र मांडीच्या हाडाच्या गोल माथ्याचा रक्तपुरवठा खुंटून तेथील अस्थी मृत होत चालल्याचे निदान झाले.

मूत्रपिंड रक्त गाळते एवढेच आपण जाणतो. वस्तुतः ड जीवनसत्त्वास कार्यक्षम रूप देणे हेही मुख्यतः त्याचेच काम. ते निकामी झाले म्हणजे रक्तात फॉस्फरस साचतो, कॅल्शियम घटते, आणि गळ्यातील चार इवल्या परावटू ग्रंथी ती तूट भरण्यासाठी, ओढगस्तीच्या संसारात मुदलाला हात घालावा तशा, हाडांतून कॅल्शियम उपसू लागतात. नवे मूत्रपिंड आल्यावरही त्या लागलीच शांत होतातच असे नाही. त्यात, परके मूत्रपिंड शरीराने झिडकारू नये म्हणून घ्यावे लागणारे प्रेडनिसोलोन हाडे घडविणाऱ्या पेशींनाच दुर्बळ करते. पहिल्या ६ ते १२ महिन्यांत ही झीज सर्वाधिक वेगाने होते, आणि खुब्याच्या या विकारामागेही बहुधा हेच औषध असते. ते मनाने बंद करणे म्हणजे आईचे दान गमावणे. म्हणून मात्रा कमी करण्याचा अधिकार सर्वस्वी डॉक्टरांचा. मात्र कॅल्शियम, फॉस्फरस, ड जीवनसत्त्व आणि परावटू संप्रेरक यांची तपासणी क्रिएटिनिनच्या जोडीनेच प्रत्येक रुग्णाने मागून घ्यावी, असे माझे कळकळीचे मत आहे.

डेक्सा तपासणीत हाडे विरळ झाल्याचेही आढळले. मूत्रपिंडाचे कार्य समाधानकारक असल्याची खात्री करून घेऊन डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यावयाची अॅलेन्ड्रोनेटची गोळी दिली आहे. रविवारी पहाटे उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर ती घ्यावयाची आणि अर्धा तास आडवे व्हावयाचे नाही, चहासुद्धा नाही. तेवढा वेळ मी काठी टेकीत अंगणात फिरतो. माथा ढासळलाच तर कृत्रिम खुबा बसवावा लागेल, असे अस्थितज्ज्ञांनी सांगून ठेवले आहे.