न वाचलेल्या पुस्तकाचा निकाल

12 सप्टेंबर 2017 रोजी हिलरी क्लिंटन यांचं 'व्हॉट हॅपन्ड' अमेरिकेत बाजारात आलं. आदल्या वर्षीची अध्यक्षपदाची निवडणूक आपण कशी आणि का हरलो, याचा त्यांनी स्वतः मांडलेला हा लेखाजोखा, जवळजवळ पाचशे पानांचा. दुसऱ्याच दिवशी ॲमेझॉनवर या पुस्तकाखाली दीड हजारांहून जास्त रिव्ह्यू साचले होते. कुणी पाच स्टार देऊन पुस्तक डोक्यावर घेतलं होतं, कुणी एक स्टार देऊन पायदळी तुडवलं होतं. मधल्या आकड्यांवर जवळपास शुकशुकाट. 'क्वार्ट्झ' या वृत्तसंकेतस्थळाच्या पत्रकारांनी मोजलं, तेव्हा त्यांतल्या फक्त 338 जणांच्या नावापुढे ॲमेझॉनवरून खरेदी केल्याची खूण होती. एका रात्रीत एवढ्या माणसांनी एवढं मोठं पुस्तक वाचून संपवलं हे पटण्याजोगं नाही, असं प्रकाशकांनीही जाहीरपणे म्हटलं. मग ॲमेझॉननं सुमारे नऊशे रिव्ह्यू काढून टाकले आणि सरासरी थेट पाच स्टारच्या जवळ जाऊन पोचली.

क्लिंटन यांच्या चाहत्यांना हा न्याय वाटला, विरोधकांना मुस्कटदाबी. मला साफसफाईच्या आधीची सरासरी जितकी खोटी वाटते, तितकीच नंतरचीही वाटते. ज्या निवडणुकीत सव्वासहा कोटींहून अधिक माणसांनी ट्रम्प यांना मत दिलं, त्या निवडणुकीवरचं पुस्तक वाचून नाराज झालेला वाचक त्या देशात नव्हताच, हे कसं मान्य करायचं? तो होता. पण न वाचता शिव्या देणाऱ्यांच्या गर्दीत तो आधी दिसेनासा झाला, आणि गर्दी हटवल्यावर उरलेल्या कौतुकात त्याचा आवाज बुडाला. या सगळ्या प्रकरणात मला खरी हळहळ वाटते ती त्या माणसाची.

पुस्तक वाचताना हे फार जाणवत राहिलं. त्यात वेस्ट व्हर्जिनिया या कोळसाखाणींच्या राज्यावर एक प्रकरण आहे. मार्च 2016 मध्ये ओहायोतल्या एका कार्यक्रमात क्लिंटन बोलून गेल्या होत्या की, आपण बऱ्याच कोळसा कंपन्यांना आणि खाणकामगारांना धंद्याबाहेर घालवणार आहोत. त्यांना म्हणायचं होतं ते उलट: कोळशाचे दिवस सरत असताना या माणसांना वाऱ्यावर सोडायचं नाही, त्यांच्या भागात नवे रोजगार न्यायचे. पण तेवढं एक वाक्य तोडून देशभर फिरवलं गेलं. पुस्तकात त्या लिहितात की, प्रचारात तोंडून निसटलेल्या वाक्यांपैकी सगळ्यात जास्त पश्चात्ताप याच वाक्याचा होतो. मे महिन्यात त्या वेस्ट व्हर्जिनियातल्या मिंगो काउंटीत गेल्या. तिथे नोकरी गेलेला एक माणूस आपल्या मुलांचा फोटो पुढे ठेवून भरल्या डोळ्यांनी त्यांना विचारतो की, असं बोलून इथे आमच्याशी मैत्रीच्या गोष्टी करायला तुम्ही येता तरी कशा? हा प्रसंग त्यांनी टाळलेला नाही. त्या राज्यात त्यांना जेमतेम एक चतुर्थांशाच्या आसपास मतं मिळाली.

आता कल्पना करा, त्या काउंटीतल्या एखाद्या वाचकानं हे प्रकरण वाचून रिव्ह्यू लिहिला असता. 'बाई, तुमची माफी खरी आहे असं मानतो. पण नव्या रोजगाराच्या योजना तुमच्या पुस्तकात जितक्या सोप्या वाटतात तितक्या आमच्या दरीत नाहीत. चाळिशीतल्या खाणकामगाराला कोण नवं काम शिकवणार, आणि शिकवलं तरी ते काम इथे येणार आहे का?' असं लिहून त्यानं खुशाल एक स्टार दिला असता. मला तो रिव्ह्यू शंभर पाच-स्टार रिव्ह्यूंपेक्षा मोलाचा वाटला असता. त्यात लेखिकेला उत्तर असतं आणि पुस्तकात नसलेलं काहीतरी असतं. क्लिंटन यांच्या बाजूच्या वाचकालाही त्यातून कळलं असतं की, आपण जिला चूक म्हणतो ती समोरच्याच्या घरात काय होऊन शिरते.

न वाचता एक स्टार देणाऱ्याचा राग खोटा असतो, असं मी म्हणत नाही. पुष्कळदा तो अगदी खरा असतो. अध्यक्षाच्या निवडणुकीत मतदान चार वर्षांतून एकदाच होतं, आणि मतपत्रिकेवर कारण लिहायला जागा नसते. रिव्ह्यूच्या पानावर मात्र रोज मतदान करता येतं, खाली चार ओळी लिहिता येतात, आणि त्या कुणीतरी वाचतं. ज्याला एरवी कुणी विचारत नाही अशा माणसाला याचं आकर्षण वाटलं तर नवल नाही. पण रिव्ह्यूची जागा ही दुसऱ्या वाचकासाठी असते. पुस्तक घ्यावं की नाही, त्यात काय आहे, हे विचारत तो आलेला असतो. त्याला तिथे मतमोजणी दाखवणं ही त्याची फसवणूक आहे, मग ते मत एक स्टारचं असो वा पाच स्टारचं. पाच स्टारवाल्यांना आपल्याकडे कुणी झुंड म्हणत नाही. प्रेमापोटी केली तरी ती झुंडच.

क्लिंटन यांचं यात फारसं बिघडलं नाही. पहिल्याच आठवड्यात सगळ्या स्वरूपांत मिळून पुस्तकाच्या तीन लाखांहून अधिक प्रती खपल्या. बिघडतं ते इतरांचं. 2023 च्या जूनमध्ये अमेरिकन लेखिका एलिझाबेथ गिल्बर्ट यांनी 'द स्नो फॉरेस्ट' ही कादंबरी जाहीर केली. तेव्हा रशियानं युक्रेनवर युद्ध लादलेलं होतं. कादंबरी रशियातल्या सायबेरियात घडते, एवढं कळताच गुडरीड्स या पुस्तकांच्या संकेतस्थळावर शेकडो एक-स्टार नोंदी पडल्या. कादंबरी निघायला अजून अनेक महिने होते. युक्रेनमधल्या वाचकांचं दुःख जाणून गिल्बर्ट यांनी स्वतःच प्रकाशन थांबवलं. बॉम्ब झेलणाऱ्या देशातल्या वाचकाच्या वेदनेपुढे मी वाद घालणार नाही. तरीही जे पुस्तक कुणी वाचलेलंच नाही त्याचा निकाल लागतो आणि तो अमलातही येतो, याची मला भीती वाटते.

आपल्याकडे तर स्टारचीही गरज पडली नाही. डिसेंबर 2022 मध्ये, माओवादी असल्याच्या आरोपाखाली तुरुंगात राहिलेल्या कोबाड गांधी यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम' या आठवणींच्या मराठी अनुवादासाठी अनघा लेले यांना महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार जाहीर झाला. आठवडाभरात तो रद्द झाला आणि निवड समितीही बरखास्त झाली. निषेध म्हणून काही लेखकांनी शासनाच्या साहित्यसंस्थांचे राजीनामे दिले. त्या दिवसांत या विषयावर माझ्याशी तावातावानं बोललेल्यांत पुस्तक उघडून पाहिलेला माणूस मला क्वचितच भेटला, आणि हे मी दोन्ही बाजूंबद्दल सांगतो आहे. गांधी यांच्या राजकारणाला विरोध असणाऱ्यानं त्यांची तुरुंगातल्या दिवसांवरची पानं वाचून सडेतोड लिहायला हवं होतं. अनुवाद कसा उतरला आहे, हा पुरस्काराचा मूळ प्रश्न, तोही कुणीतरी पानं उलटून बोलायला हवा होता. लेखकाचं नाव एवढ्या एका गोष्टीवर सगळं आटोपलं.

ॲमेझॉनच्या चाळण्यांनी हे सुधारेल असं मला वाटत नाही. खरेदीची खूण पैसे दिल्याचं सांगते, वाचल्याचं सांगत नाही. आणि ग्रंथालयातून आणून मन लावून वाचलेल्या माणसाला ती खूण मिळतच नाही. म्हणून माझी विनंती वाचणाऱ्यांनाच आहे. ज्या पुस्तकाचा तुम्हाला राग येतो, ते मिळवा. निदान ज्या प्रकरणावरून भांडण पेटलं आहे तेवढं तरी पुरतं वाचा. मग एक स्टार द्यायचा तर जरूर द्या, हात आखडू नका. पण कुठल्या पानावर लेखक चुकला, आणि तुमच्या माहितीत, तुमच्या गावात, तुमच्या अनुभवात त्याविरुद्ध काय आहे, तेही लिहा. मी तो रिव्ह्यू शोधून वाचेन, आणि त्या पुस्तकाच्या बाजूचा असलो तर आधी तोच वाचेन.